खुडूक कोंबडीचं काम मशीनला देणारा माणूस : डॉ. बी. व्ही. राव यांची गोष्ट

जळगाव/धुळे : कोंबडी खुडूक झाली की खान्देशातल्या घरात आजही ठरलेलं काम सुरू होतं. डालग्यात किंवा जुन्या पाटीत भुसा नाहीतर गवत अंथरायचं, त्यावर दहा-बारा अंडी मांडायची आणि अंधाऱ्या कोपऱ्यात कोंबडीला बसवायचं. मग एकवीस दिवस मोजायचे. कोंबडी दिवसातून एकदाच उठते, दाणा खाते, पाणी पिते, परत येऊन बसते. एकविसाव्या दिवशी डालग्यातून चिवचिव ऐकू आली की घरातली पोरं गोळा होतात.

त्याच गावच्या किराणा दुकानात तीस-तीस पांढऱ्या अंड्यांचे ट्रे रचलेले असतात. यातली अंडी खुडूक कोंबडीखाली ठेवली तर एकवीस काय, चाळीस दिवसांनीही पिल्लू निघणार नाही. कारण ती घालणाऱ्या कोंबडीने आयुष्यात कोंबडा पाहिलेलाच नसतो. शिवाय ती कोंबडी स्वतःही कधी अंड्यावर बसत नाही. बसणं तिला ठाऊकच नाही.

डालग्यातलं अंडं आणि ट्रेमधलं अंडं यांच्यात एवढं अंतर कसं पडलं? भारतात हे अंतर ज्यांच्या कामाने सगळ्यात जास्त वाढलं, त्या माणसाचं नाव बंडा वासुदेव राव. देश त्यांना डॉ. बी. व्ही. राव म्हणून ओळखतो. भारतातल्या आधुनिक कुक्कुटपालनाचे जनक असा त्यांचा उल्लेख होतो.

हैदराबादकडचा माणूस, पुणे कर्मभूमी

राव यांचा जन्म १९३५ चा. मातृभाषा तेलुगू, मूळ हैदराबादकडचं. पुढे पुणे ही त्यांची कर्मभूमी झाली.

ते तरुण होते तेव्हा कोंबडीपालन हा धंदा आहे असं कुणी मानत नव्हतं. शेती करायची, गाय-म्हैस सांभाळायची आणि कोंबड्या परसात आपल्याआप फिरायच्या. सांडलेला दाणा, किडे, घरातलं उरलंसुरलं हेच त्यांचं खाणं. अंडी निघाली तर आठवडी बाजारात जायची. त्या पैशातून घरातली बाई मीठ-मिरची, काडेपेटी घ्यायची. हिशेब असा कुणी ठेवत नसे.

१९६० च्या दशकात परदेशी जातीच्या कोंबड्या देशात येऊ लागल्या. आर्बर एकर्स या अमेरिकन कंपनीने पुण्यात आपलं काम सुरू केलं होतं. राव यांनी या कंपनीत नोकरी केली. पिल्लू तयार कसं होतं, विकलं कसं जातं, शेतकरी कुठे अडतो, हे त्यांनी तिथे आतून पाहिलं. मग नोकरी सोडून १९७१ साली त्यांनी स्वतःची कंपनी उभी केली. तिचं नाव वेंकटेश्वरा हॅचरीज. हॅचरी म्हणजे अंडी उबवून पिल्लं काढण्याचं केंद्र. कंपनीच्या नावातच काम सांगितलेलं होतं. जे काम गावात खुडूक कोंबडी करते, ते काम हजारो अंड्यांसाठी मशीनने करायचं.

कोंबडी बसली की अंडं बंद

मशीनची गरजच का पडली? हे कळलं की राव यांचा सगळा धंदा कळतो.

गावरान कोंबडी दहा-पंधरा अंडी घालते आणि खुडूक होते. एकदा खुडूक झाली की अंडी बंद. एकवीस दिवस उबवण्यात जातात. पुढे दीड-दोन महिने ती पिल्लं घेऊन फिरते. तेवढ्या काळात तिच्याकडून एकही अंडं मिळत नाही. म्हणून गावरान कोंबडी वर्षाला साधारण साठ-सत्तर अंड्यांपाशीच थांबते. तिच्यात खोट काही नाही. ती अंडंही घालते, उबवते आणि पिल्लंही वाढवते. तीन कामं एकटी करते.

अंड्याचा धंदा करणाऱ्याला मात्र हा खंड परवडत नाही. म्हणून पैदास करणाऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या अशाच कोंबड्या निवडल्या, ज्या खुडूक होत नाहीत. व्हाईट लेगहॉर्न ही त्यातलीच पांढरी जात. अशा जातींवर आणखी काम होत होत वर्षाला तीनशेच्या आसपास अंडी देणारी कोंबडी तयार झाली. पण तिची बसण्याची सवय गेली, तेव्हा पिल्लं काढायची कुणी? ते काम मशीनकडे आलं.

राव यांनी अमेरिकेतल्या बॅबकॉक कंपनीशी करार करून अंड्यावरच्या जातीचे मूळ पक्षी भारतात आणले. त्या पैदाशीतून पुढे आलेली बीव्ही-३०० ही कोंबडी आज देशभरातल्या लेअर फार्मवर दिसते. मांसासाठी कॉब कंपनीशी करार झाला आणि व्हेनकॉब ही ब्रॉयलर जात आली. ब्रॉयलरच्या शेडमध्ये पिल्लू टाकणाऱ्या जवळपास प्रत्येकाच्या कानावरून हे नाव गेलेलं आहे.

पिल्लू भुकेलं असतानाही प्रवास करतं

मशीन आणि जात असूनही एक अडचण उरतेच. पिल्लं निघणार हॅचरीत, ती हवी असतात दोनशे-तीनशे किलोमीटरवरच्या गावात. नाजूक जीव तिथवर पोहोचवायचा कसा?

उत्तर निसर्गानेच देऊन ठेवलंय. अंड्यातून बाहेर पडायच्या आधी पिल्लू उरलेला पिवळा बलक पोटात ओढून घेतं. त्या शिदोरीवर ते दोन-अडीच दिवस दाणापाण्याशिवाय काढू शकतं. निसर्गाने ही सोय केली ती आईसाठी. सगळी अंडी एकाच वेळी फुटत नाहीत. शेवटचं पिल्लू बाहेर येईपर्यंत आईला बसून राहावं लागतं, तोपर्यंत आधी निघालेली पिल्लं उपाशी मरू नयेत.

हॅचरीच्या धंद्याने हीच सोय प्रवासासाठी वापरली. भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात एक दिवसाची पिल्लं भरायची आणि दुसऱ्या दिवशी ती शेतकऱ्याच्या शेडमध्ये उतरवायची. एक दिवसाचं पिल्लू हा मालाचा प्रकार झाला तो असा. घरी कोंबडी, कोंबडा, खुडूक काहीच नसलेला माणूस एकाच दिवशी पाचशे नाहीतर हजार पिल्लांचा मालक होऊ लागला.

राव नुसत्या पिल्लांवर थांबले नाहीत. हजार पक्षी एका शेडमध्ये ठेवले की रोगाला रान मोकळं मिळतं. गावात जिला मानमोडी म्हणतात ती राणीखेत शेडमध्ये शिरली तर चार दिवसांत शेड साफ. म्हणून लस, औषध, खाद्य, शेतकऱ्यांना प्रशिक्षण अशी एकेक गोष्ट त्यांनी धंद्याला जोडत नेली. पिल्लापासून लसीपर्यंत सगळं एकाच समूहाकडून मिळू लागलं. शेतकऱ्याची सोय झाली, तसा तो त्या समूहावर अवलंबूनही झाला. या दोन्ही बाजू खऱ्या आहेत.

अंडी वाढली, भाव पडला

१९८० च्या सुमारास धंद्यापुढे नवंच संकट उभं राहिलं. अंडी भरपूर निघत होती, पण भाव शेतकऱ्याच्या हातात नव्हता. मोठ्या शहरांतले व्यापारी भाव ठरवायचे आणि फार्मवाल्याने तो मुकाट घ्यायचा. अंडं काही कापसासारखं घरात भरून ठेवता येत नाही. चार दिवस थांबलं तर माल उतरतो. व्यापाऱ्याला हे पक्कं ठाऊक होतं. उत्पादन खर्चाच्याही खाली भाव गेला आणि अनेकांनी कोंबड्या विकून शेडला कुलूप लावलं.

केळी कापून झाल्यावर भाव कळण्याची वेळ ज्यांच्यावर येते, त्या रावेर-यावलच्या शेतकऱ्याला हे दुखणं वेगळं समजावून सांगायची गरज नाही.

राव हे पिल्लं विकणारे. वरवर पाहिलं तर अंड्याचा भाव पडला, यात त्यांचं थेट नुकसान नव्हतं. पण फार्म बंद पडले तर पिल्लं घेणार कोण, हा हिशेब त्यांना कळत होता. ते देशभर फिरले. एका राज्यातल्या फार्मवाल्याला दुसऱ्या राज्यातला फार्मवाला शत्रू वाटत होता. त्या सगळ्यांच्या बैठका त्यांनी घेतल्या. त्यांचं सांगणं सरळ होतं. सरकारकडे हात पसरू नका. आपलं अंडं, त्याचा भाव आपण एकत्र बसून ठरवायचा.

त्यातून १९८२ साली राष्ट्रीय अंडी समन्वय समिती उभी राहिली. एनईसीसी म्हणतात ती हीच. तिचं मुख्य ठिकाण पुणे. कोणत्या बाजारात आज अंड्याचा भाव काय, हे ही समिती रोज जाहीर करते. आज गावातल्या फार्मवाल्याच्या मोबाईलवर सकाळी अंड्याचा जो रेट येतो, त्याची सुरुवात तिथली. टीव्हीवर वर्षानुवर्षे गाजलेली, वार कोणताही असो रोज अंडी खा असं सांगणारी जाहिरातही याच समितीची. भाव टिकवायचा तर खाणारा वाढला पाहिजे, हा त्यामागचा हिशेब होता.

म्हणून सगळं सुरळीत झालं असं नाही. जाहीर होणारा भाव हा सुचवलेला भाव असतो. प्रत्यक्षात हातात पडताना त्यात कापाकापी होते, अशी लहान फार्मवाल्यांची तक्रार आजही ऐकू येते. पण रोज सकाळी एक आकडा सगळ्यांसमोर उघड असणं ही मोठी गोष्ट. व्यापाऱ्यासमोर बसताना निदान शेतकऱ्याच्या हातात काहीतरी असतं.

पद्मश्री, आणि अर्ध्यावर सुटलेला डाव

१९९० साली भारत सरकारने राव यांना पद्मश्री दिली. कोंबडीवाला म्हणून ज्यांना लोक हसायचे, त्या धंद्याला राष्ट्रपती भवनापर्यंत मान मिळाला.

जगभरातल्या कुक्कुटपालन तज्ज्ञांची परिषद दर चार वर्षांनी भरते. ती भारतात व्हावी म्हणून राव यांनी खटपट केली. विसावी जागतिक परिषद सप्टेंबर १९९६ मध्ये नवी दिल्लीत झाली, पण ती पाहायला राव हयात नव्हते. त्याच वर्षी त्यांचं निधन झालं होतं. वय साठीच्या आसपास. कारभार पुढे त्यांच्या कन्या अनुराधा देसाई आणि बाकी कुटुंबाने सांभाळला. याच घराण्याच्या व्हेंकीज समूहाने २०१० मध्ये इंग्लंडमधला ब्लॅकबर्न रोव्हर्स हा जुना फुटबॉल क्लब विकत घेतला, तेव्हा अंडी-पिल्लांचा धंदा कुठवर पोहोचला हे जगाने पाहिलं.

नवापूरने काय दाखवलं

राव गेले त्यानंतर दहा वर्षांनी या धंद्याची सर्वात कठीण परीक्षा खान्देशातच झाली. नवापूर तालुका आधी धुळे जिल्ह्यात होता, १९९८ पासून नंदुरबारमध्ये. गुजरातच्या सीमेला लागून असलेल्या या तालुक्यात लेअर फार्मची मोठी वस्ती उभी राहिली होती. फेब्रुवारी २००६ मध्ये तिथे बर्ड फ्लू निघाला. भारतात हा रोग पहिल्यांदा सापडला तो इथे. लाखो कोंबड्या मारून पुराव्या लागल्या, अंडी नष्ट करावी लागली. देशभर लोकांनी अंडी आणि चिकन खाणं सोडलं, भाव कोसळले.

पुढच्याच महिन्यात जळगाव जिल्ह्यातल्या काही गावांत रोग सापडला. तिथे मोठे फार्म नव्हते, परसातल्या गावरान कोंबड्या होत्या. सरकारी पथकं घरोघरी फिरली. ज्या बाईने डालग्यात पिल्लं काढून वाढवली होती, तिच्याही कोंबड्या गेल्या.

मशीनवरचं पिल्लू आणि डालग्यातलं पिल्लू या दोन वेगळ्या दुनिया आहेत असं वाटतं. २००६ ने दाखवलं की रोगाला हे कुंपण दिसत नाही. बाजारातून आणलेला नवा पक्षी निदान दोन-तीन आठवडे वेगळा ठेवायचा, दुसऱ्याच्या फार्मवर गेलं तर चपला बदलायच्या, कोंबड्या अचानक पटापट मरायला लागल्या तर त्या उकिरड्यावर न फेकता पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवायचं. हे नियम हजारवाल्याला आहेत तसेच दहावाल्यालाही.

हॅचरीचं शहाणपण, घरच्या डालग्यात

राव यांच्या हॅचरीने खुडूक कोंबडीकडूनच सगळं शिकून घेतलं. मशीन जे करतं ते कोंबडी आधीपासून करत होती. आता उलट फेरा मारून तेच शहाणपण घरी आणता येतं.

मशीनमध्ये ऊब साडेसदतीस अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवतात. अंडी दिवसातून अनेकदा फिरवतात, नाहीतर आतला जीव कवचाला चिकटतो. कोंबडी हेच काम चोचीने, पायाने करते. अठरा दिवस झाले की फिरवणं थांबवायचं, ओलावा वाढवायचा आणि शेवटचे तीन दिवस झाकण उघडायचं नाही. घरीही तसंच. शेवटचे तीन दिवस डालग्यात हात घालून अंडी चाचपू नयेत.

बल्ब लावून थर्माकोलच्या पेटीत अंडी उबवणारे तरुण आता गावोगाव दिसतात. त्यात पंखा नसेल तर तापमान अंड्याच्या वरच्या बाजूला मोजायचं आणि ते साडेसदतीसपेक्षा थोडं जास्त, अडतीसच्या थोडं वर ठेवायचं. दिवसातून तीन वेळा तरी अंडी फिरवायची, पाण्याची वाटी सुकू द्यायची नाही. लाईट गेली तर पेटी गोणपाटाने झाकायची. तास-दोन तास अंडी जरा थंड झाली तर बरीचशी वाचतात. जास्त तापली तर मात्र पटकन मरतात.

आपल्याकडे खरी मार बसते ती उन्हाळ्यात. जळगाव-भुसावळचा पारा पंचेचाळीसला टेकतो. उबवायला ठेवायच्या आधीच घरातल्या उष्णतेने अंड्यातला जीव अर्धवट वाढतो आणि मरतो. मग लोक म्हणतात कोंबडी नीट बसली नाही. दोष कोंबडीचा नसतो. उन्हाळ्यात अंडी ओल्या वाळूवर ठेवलेल्या मडक्यात, सावलीत ठेवावीत आणि तीन-चार दिवसांपेक्षा जास्त साठवू नयेत. थंडीतही आठवड्याच्या आतलीच अंडी बसवावीत. सातव्या दिवशी रात्री टॉर्चसमोर धरून पाहावं. आत लाल शिरांचं जाळं दिसलं तर जीव आहे. आरपार स्वच्छ दिसलं तर ते अंडं फुकटचं, काढून टाकावं.

गिरिराज, वनराज अशा सुधारित जाती अनेकांनी परसात आणल्या आहेत. त्या अंडी जास्त देतात, पण खुडूक क्वचितच होतात. म्हणून त्यांची अंडी गावरान कोंबडीखाली ठेवायची पद्धत आहे. गावात दोन-चार खुडूक होणाऱ्या गावरान कोंबड्या टिकून राहाव्यात, त्या याही कारणासाठी.

दोन्ही अंड्यांचा हिशेब

राव यांनी कोंबडीचं बसणं मशीनला दिलं, त्यामुळे अंडं स्वस्त झालं. गरिबाच्या ताटात ते रोज येऊ शकतं इतकं स्वस्त. शिरपूर, चोपडा, अमळनेर पट्ट्यातला मका कोंबडीखाद्याला जातो, म्हणजे कोंबडी न पाळणारा शेतकरीही या धंद्याशी जोडला गेलेला आहे. पण त्या बदल्यात शेडवाल्याला प्रत्येक बॅचला पिल्लू बाहेरून विकत घ्यावं लागतं. ब्रॉयलरच्या करारात तर पिल्लू कंपनीचं, खाद्य कंपनीचं, औषध कंपनीचं. शेतकऱ्याचं शेड, लाईटबिल आणि मेहनत.

डालग्यातल्या बाईची अंडी थोडी, पिल्लंही थोडी. पण तिचं बियाणं तिच्या घरचं आहे. तिला पिल्लासाठी कुणाला फोन करावा लागत नाही. गावरान अंड्याला बाजारात आज ट्रेमधल्या अंड्यापेक्षा चांगला भाव मिळतो, तो भावही बहुतेक वेळा तीच सांगते.

आपल्या अंड्याचा भाव आपण ठरवायचा, ही गोष्ट राव मोठ्या फार्मवाल्यांना देशभर फिरून पटवत होते. आठवडी बाजारात टोपली घेऊन बसलेली म्हातारी त्यांच्याही आधीपासून तेच करत आलेली आहे. फक्त ती एकटी बसलेली असते. चार गावच्या चार टोपल्या एकत्र आल्या, एकाच दिवशी लस टोचून घेतली, एकाच भावाने अंडी विकली, तर राव यांच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा धडा खान्देशाच्या परसात उतरला असं म्हणता येईल.